जुनी टाकी की नवी?

भंडाऱ्याच्या आम्हां लोकांस पितळेची पारख टिचकीवर होते. जुने भांडे घेण्यात आम्हांस कधी कमीपणा वाटला नाही. परंतु तारकर्लीस पाणबुड्यांची विद्या शिकून आलेला नातू हवेची जुनी टाकी स्वस्तात घेऊ लागला, तेव्हा आम्ही थबकलो. जीत नेहमीच्या हवेच्या सुमारे २०० पट दाब कोंडावयाचा, तिची टिचकीने काय परीक्षा होणार? १९८८ पूर्वीच्या पुष्कळ टाक्या ६३५१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या. सततच्या दाबाने त्यांतील काहींच्या मानेत भेगा पडल्या. म्हणून जुनी घेणाऱ्याने खांद्यावर कोरलेली घडणीची व जलदाब-परीक्षेची तारीख वाचावी, आतील भागही जाणत्याकडून तपासवावा. नातवाच्या टाकीवरील तारीख पुसट होती. जन्मभर जुनी पुस्तके घेणाऱ्या आम्ही नव्या टाकीस उणे पडलेले पैसे पेन्शनीतून घातले.