तुपाच्या वाटीनंतरचा दिवस



नामदेवरायांची आणि कुत्र्याची गोष्ट तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत धावले. चाळीस वर्षे हा दृष्टांत मी कीर्तनात सांगितला. दृष्टांत वाटीपाशी संपतो, टाळकरी चाल धरतात, श्रोत्यांचे डोळे पाणावतात. कीर्तनाला तेवढे पुरते. पण भूक रोजची असते. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला पुन्हा भूक लागलीच असेल. आणि समजा, त्या कुत्र्याला धावताच येत नसते तर? मागचे दोन्ही पाय लुळे, भाकरी पळवायची ताकद नाही, लघवीसुद्धा दुसऱ्याने हात लावल्याखेरीज होत नाही, असे ते असते तर? मग त्याच्यामागे धावायचा प्रश्नच नव्हता. रोज त्याच्यापाशी बसावे लागले असते. आज त्या बसण्याविषयी बोलायचे आहे.

आमच्या घरी चिंगी आहे. गावठी कुत्री, रंगाने तांबूस, वय दातांवरून सहा-सात असावे असा डॉक्टरांचा अंदाज. रस्त्यावर कुठल्याशा गाडीखाली सापडली आणि कणा दुखावला. जखमी जनावरांच्या एका निवाऱ्यात ती दीड वर्ष होती. माझी नात तिथे सुट्टीत सेवेला जाते, तिच्यामुळे आमचे जाणे झाले. तिथे पाहिले ते असे: धडधाकट पिल्लू आठ-पंधरा दिवसांत कोणीतरी घरी नेते. आंधळे, तीन पायांचे, कमरेतून लुळे असे जनावर मात्र तिथेच राहते. लोक येतात, हळहळतात, एक फोटो काढतात आणि पिल्लू घेऊन जातात. त्यांना दोष देत नाही. प्रत्येकाच्या घराची ओढाताण वेगळी असते.

निवाऱ्याने चिंगी लगेच हातात दिली नाही. आठ दिवस आम्हा उभयतांना रोज बोलावले आणि शिकवले. तिचे मूत्राशय भरते, पण भरल्याचे तिला कळत नाही आणि ते आपोआप नीट रिकामेही होत नाही. म्हणून दिवसातून चार वेळा तिच्या पोटाच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंनी हात ठेवून, हलक्या दाबाने लघवी काढावी लागते. हे पुस्तकात वाचून येत नाही, जाणत्याच्या हाताखालीच शिकावे लागते. लघवी आत साचली तर जंतुसंसर्ग होतो. वास बदलला, रक्त दिसले, तिने खाणे सोडले, की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मागचे अंग फरशीवर घासले की कातडी सोलवटते आणि तिला दुखत नसल्यामुळे जखम आपल्याच नजरेला पडावी लागते. म्हणून मऊ अंथरूण, ते कोरडे ठेवणे, कूस बदलणे आणि रोज संध्याकाळी उजेडात बसवून मागचे पाय तपासणे. वजन वाढू द्यायचे नाही, कारण सगळा भार पुढच्या दोन पायांवर आणि खांद्यांवर येतो.

तिला दोन चाकांचा हलका गाडा आहे. मागचे अंग पट्ट्यांत अडकवायचे, छातीला पट्टा बांधायचा, की पुढच्या पायांनी ती ओढत निघते. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग हळूहळू अर्धा तास. गाड्यात तिला आडवे होता येत नाही, म्हणून एकटे सोडायचे नाही. देवळापर्यंतच्या उतारावर ती माझ्यापुढे असते. माझे गुडघे आता चढ-उतार सोसत नाहीत, त्यामुळे तिची वाट पाहण्याची वेळ माझ्यावर येत नाही. तिलाच थांबावे लागते.

आता तुमच्या मनात जे आक्षेप येतील ते मलाही लोकांनी तोंडावर सांगितले. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडतो.

पहिला आक्षेप सोवळ्याचा. गळ्यात तुळशीची माळ आणि हाताला कुत्रीची लघवी! माझी आई शेवटचे सव्वा वर्ष अंथरुणाला खिळली होती. तिचे सगळे आम्ही केले, मग आंघोळ करून पूजेला बसलो. तेव्हा मला कोणी हा प्रश्न विचारला नाही. पाणी तेच, साबण तोच, पूजेआधीची आंघोळही तीच. चिंगीची जागा ओटीवर आहे, देवघरात ती जात नाही. घराची शिस्त घराने ठरवावी.

दुसरा आक्षेप आहाराचा. माळकऱ्याच्या घरी कुत्र्याला काय घालणार? डॉक्टरांना स्पष्ट विचारले. कुत्र्याला काळजीपूर्वक, डॉक्टरांच्या सल्ल्याने शाकाहारावर ठेवता येते. मांजराला तसे ठेवू नये. त्यासाठी तयार शाकाहारी खाद्य बाजारात मिळते. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र भागत नाही. आणखी एक सांगतो, कारण आपल्या घरांत हे हमखास घडते. प्रसादाचा शिरा प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवतो, पण त्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. पिठल्यातला कांदा-लसूणही त्याला सोसत नाही, चॉकलेट तर नकोच. प्रेम असले तरी काय घालायचे ते जाणून घालावे.

तिसरा आक्षेप, हे शहरातले फॅड आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी मंडळी चिडून रस्त्यावर उतरली, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. त्यात सर जमशेटजी जीजीभाई पुढे होते. म्हणजे टाकलेल्या जनावरांना आसरा देण्याची ही रीत आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. परळचे बैलघोडा हॉस्पिटलही एकोणिसाव्या शतकातलेच. आणि आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत सजीवांविषयी करुणा बाळगणे हेही एक आहे. फॅडला एवढे आयुष्य नसते.

चौथा आक्षेप, माणसे उपाशी असताना कुत्र्याचे लाड कशाला? यावर वाद घालत नाही, घडले ते सांगतो. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अर्धांगवायू होऊन दवाखान्यातून घरी आले. त्यांची सून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, चिंगीला जखमा होत नाहीत, तुम्ही काय करता?" कूस कशी बदलायची, चादरीला चुणी का राहू द्यायची नाही, टाच आणि माकडहाड रोज का पाहायचे, हे सौ.ने तिला दाखवले. कुत्रीपाशी शिकलेला हात माणसाच्या कामी आला.

पाचवा प्रश्न निवाऱ्यातल्या मुलीने विचारला आणि तो सगळ्यांत अवघड होता. अर्ज भरून घेताना तिने मान वर न करता विचारले, "आजोबा, तुमच्या माघारी हिचे कोण करणार?" देह नाशिवंत आहे हे मी हजारो लोकांना सांगितले. पण अर्जात त्यासाठी एक रिकामी ओळ ठेवून तिथे नाव लिहायला मला आजवर कोणी लावले नव्हते. त्या ओळीत नातीचे नाव आहे, तिच्या सहीसह. ती नसेल तर चिंगी निवाऱ्यात परत जाईल, हेही लिहिले आहे. पंचाहत्तरीच्या माणसाने पिल्लू घेऊ नये, मोठ्या वयाचे जनावर घ्यावे, असे मला त्या दिवशी पटले.

आणि शेवटचा प्रश्न वारीचा. आळंदीहून पंढरी, जवळजवळ तीन आठवडे. तीस वर्षे आम्ही दोघे एकाच दिंडीत चाललो. दिवसातून चार वेळा ज्याचे करावे लागते असे जनावर घरी ठेवून दोघांना जाता येईना. शेवटी ठरले, आषाढी सौ.ची आणि कार्तिकी माझी. पहिल्या वर्षी माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले त्या संध्याकाळी मी घरी होतो. टाळांचा आवाज कानात होता आणि पुढे चिंगी. खरे सांगतो, गळा दाटून आला.

इथे चिंगीतच विठ्ठल दिसला असे लिहून मोकळे होणे मला सोपे आहे. आयुष्यभर तीच भाषा बोललो. पण त्या रात्री मला कुत्रीच दिसली आणि दहा वाजले होते, तिची वेळ झाली होती. तेवढे केले, हात धुतले, हरिपाठ म्हटला आणि झोपलो. मग मनात पुंडलिकराय आले. सेवा हातात होती म्हणून त्यांनी देवाला थांबायला सांगितले आणि देव विटेवर थांबला. त्यांची सेवा आईवडिलांची, माझी एका मुक्या जनावराची. बरोबरी सांगत नाही. पण ज्या देवाला थांबायची सवय आहे, तो कार्तिकीपर्यंत थांबेल एवढा भरवसा मला आला. आला म्हणून त्या वर्षीपासून घालमेल नाही.

म्हणून वाचकहो, विनंती अशी. कीव आली म्हणून अपंग जनावर घरी आणू नका. कीव तिसऱ्या आठवड्यात दमते. रात्री दहाला आणि पहाटे पाचला उठणारे घरात किमान दोघे आहेत का, महिन्याचा औषधांचा, लंगोटांचा खर्च झेपेल का, आपल्या माघारी नाव कोणाचे, हे आधी पाहा. दया करायची तर ती नित्यनेमासारखी, घड्याळ लावून करावी लागते. जमत असेल तर जवळच्या निवाऱ्यात जा आणि पिल्लांच्या पिंजऱ्यापुढून थोडे पलीकडे चाला. जमत नसेल तर जुन्या चादरी द्या, एका गाड्याचा खर्च उचला, रविवारी दोन तास हातभार लावा.

आणि एक काम तर आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. वारीच्या वाटेवर मुक्कामाला दिंड्यांचे ट्रक, टँकर उभे असतात. भाकरीच्या वासाने आलेली कुत्री पावसापासून आडोसा म्हणून त्यांच्याखाली निजतात. पहाटे अंधारात गाडी निघते आणि एखादी चिंगी तयार होते. असे जखमी जनावर दिसले तर पाय धरून उचलू नका. दुखण्यापायी ते चावते, म्हणून तोंडावर सैल कापड टाका. फळी किंवा ताठ धरलेले कांबळे अंगाखाली सरकवा, पाठ वाकू देऊ नका आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

ही वेळ येऊच नये म्हणून यंदा दिंडीच्या चालकाला एवढेच सांगा: गाडी चालू करण्याआधी खाली उतर, कंदील नाहीतर बॅटरी घे, आणि चारही चाकांखाली वाकून पाहा.

रामकृष्ण हरी.