रुमालात न बांधता येणारे दप्तर

निवृत्तीनंतर माणसाला कोणता ना कोणता उद्योग चिकटतोच; माझ्या वाट्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आजारी संगणक आले. बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीतील अभिलेख कक्षात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि ज्याने जन्मभर वाळवी व कसर यांच्यापासून कागद राखले त्याने उतारवयात धूळ व उष्मा यांच्यापासून यंत्रे राखावीत, यात मला तरी काही विसंगत वाटले नाही. कचेरीत संगणक आले तेव्हा ज्या थोड्या कारकुनांनी त्यांच्याकडे शत्रू म्हणून न पाहता नवे दप्तर म्हणून पाहिले, त्यांत मी होतो. पुढे पुस्तके वाचून, जुनी यंत्रे उघडून आणि खामगाव-अकोल्याच्या दुरुस्तीवाल्यांजवळ तासन्‌तास बसून जे ज्ञान पदरी पडले, त्याची कीर्ती गल्लीत पसरायला वेळ लागला नाही.

कचेरीत अर्ज दाखल झाला की त्यावर हुकूम होण्यापूर्वी अर्जदाराची कैफियत ऐकून घेतात, आणि संगणकाच्या बाबतीतही मी तोच शिरस्ता ठेवला. ‘चालूच होत नाही’ या एका तक्रारीत निदान चार-पाच निरनिराळे रोग दडलेले असतात. म्हणून पंखा फिरतो काय, दिवा लागतो काय, आतून बीप वाजते काय आणि पडद्यावर एखादे तरी अक्षर उमटते काय, एवढे प्रश्न विचारल्याखेरीज मी पेचकसाला हात लावीत नसे. पंखाही फिरत नसेल, तर दोष बहुधा भिंतीतला सॉकेट, वायर किंवा एसएमपीएस, म्हणजे यंत्रातला वीज पुरविणारा डबा, यांच्यापैकी एकात सापडतो. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो आणि आत बीप वाजत राहते, अशी अवस्था असेल तर संशय प्रथम रॅमच्या, म्हणजे स्मृतीच्या, पट्टीवर घ्यावा; वीज तोडून ती पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा मुलांच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत ती पुन्हा खाचेत दाबावी, म्हणजे पुष्कळदा मृतवत पडलेले यंत्र उठून बसते. ज्याच्या संगणकावर बँकेचे संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणून उघडतच नाही, तो गृहस्थ व्हायरसच्या नावाने बोटे मोडत येतो. परंतु पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी तो ती कैक वर्षे मागे गेलेली असते, कारण मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही रुपयाएवढी बॅटरी संपलेली असते, आणि ज्या यंत्राला आजचा दिवसच ठाऊक नाही त्याला आजची प्रमाणपत्रे खरी कशी वाटावीत? कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात अशी तक्रार उन्हाळ्यात हटकून येई, आणि तिच्यावर माझा पहिला उपाय यंत्राबाहेरचाच असे: घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता, कारण आमच्याकडची मुरमाड जमीन चैत्र-वैशाखात इतकी सुकते की विजेलाही तिच्यात वाट सापडत नाही.

घाटावरचे आणि घाटाखालचे संगणक मात्र एकाच रोगाने आजारी पडत नाहीत. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्यामुळे येथे हवा तुलनेने निवते. बोथा घाट उतरून खामगावच्या बाजूला गेले की उष्म्याचा ताप वाढतोच, शिवाय त्याच्या जोडीला कापूसही येतो. ज्या गावच्या कापसासाठी १८७० साली जलंबपासून आगगाडीचा फाटा टाकला गेला, त्या गावच्या हवेत हंगामात रुईचे तंतू तरंगत असले तर नवल नाही. जिनिंगशेजारच्या एका अडत दुकानातील संगणक वारंवार आपोआप बंद पडे आणि त्याला ‘व्हायरस काढण्यासाठी’ अनेक वेळा फॉरमॅट करून झाले होते. मी झाकण काढले तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, पण त्याच्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये रुई आणि धूळ यांचा असा घट्ट थर बसला होता की चिमट्याने उचलताच तो नमद्याच्या तुकड्यासारखा सबंध निघून आला. थर काढला, वाळून चुना झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, आणि तो ‘व्हायरस’ पुन्हा त्या दुकानात फिरकला नाही.

इथवरचे सारे रोग साध्य कोटीतले होत, कारण पंखा, रॅम, एसएमपीएस, प्रसंगी मदरबोर्डसुद्धा बाजारात नवा मिळतो. हार्ड डिस्कची गोष्ट निराळी आहे. तिची किंमत तिच्या लोखंडात नसून तिच्यावर जे लिहिले गेले त्यात आहे, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. १९५६ साली आयबीएमने जी पहिली डिस्क बाजारात आणली तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच राहिले आहे: चुंबकीय लेपाची तबकडी सामान्यतः मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे तिची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावत असते, आणि तिच्यावरून वाचणारे हेड हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगते की ते अंतर काही नॅनोमीटरच भरते. माणसाचा केसच ऐंशी-नव्वद हजार नॅनोमीटर जाड असतो, धुळीचा कणही या फटीपुढे डोंगरच. तेव्हा ‘उघडून पाहू’ म्हणून जो घरच्या टेबलावर डिस्कचे झाकण काढतो, तो रोग्याची तपासणी करीत नसून त्याचा पंचनामा करीत असतो.

२००९ सालच्या मे महिन्यात खामगावच्या एका छापखान्याचे तरुण मालक अशीच एक डिस्क घेऊन माझ्या घरी आले. लग्नपत्रिकांचा हंगाम ऐन भरात होता, आणि त्यातच एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची जवळजवळ पूर्ण झालेली पाने त्या संगणकात होती. “काकाजी, कालपरेंत त बरं चालत होतं जी,” त्यांनी पाण्याचा पेला हातात तसाच ठेवून सांगितले, “आता एकेक फाइल उघडाले अर्धा घंटा घेते, अन् मंधातच थांबून जाते. दुकानवाला म्हणे फॉरमॅट मारा. मले त काही समजूनच नाही राह्यलं.” मी त्यांना खाली बसविले आणि पहिला प्रश्न हा केला की दुकानवाल्याने डिस्कवर काही लिहिले काय, नाही म्हणताच माझा अर्धा जीव खाली पडला.

बिघडलेल्या डिस्कच्या बाबतीत जगभरचे शहाणपण एका शब्दात सांगायचे तर ते ‘थांबा’ एवढेच आहे, परंतु संकटात सापडलेल्या माणसाला थांबण्याइतके कठीण दुसरे काही नाही. खामगावहून निघेपर्यंत त्या तरुणाला सल्ल्यांची रास मिळाली होती: कोणी म्हणाले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, कोणी म्हणाले टेबलावर हळूच आपटा, कोणी म्हणाले विंडोजची चेकडिस्क चालवा, ती सारे नीट करील. यांतील फ्रीजरचा प्रयोग तर थंड झालेल्या तबकडीवर दव साचवून उरलीसुरली आशाही बुडवतो. चेकडिस्कचा हेतू वाईट नाही, पण ती फाइलींची व्यवस्था सुधारण्यासाठी त्याच मरणोन्मुख तबकडीवर लिहू लागते, आणि जिथे वाचणेही जड झाले आहे तिथे लिहिण्याची सक्ती करणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालणे होय. जिच्यातून खट्‌-खट् असा नियमित आवाज येतो, त्या डिस्कचे हेड आपली ठरलेली खूण न सापडल्यामुळे पुन्हा पुन्हा माघारी येत असते. ती चालू ठेवण्यात दर मिनिटाला नुकसान आहे, आणि तिचा मार्ग सरळ शुद्ध हवेच्या प्रयोगशाळेकडे जातो. मी पेचकसाचे टोक डिस्कच्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली. तबकडी एकसारख्या लयीत फिरत होती. खटका नव्हता, फक्त अधूनमधून हेड एकाच जागी घुटमळल्याची बारीक कुरकुर होती. रोग पृष्ठभागाचा होता, हेडाचा नव्हता, आणि त्यामुळे घरच्या घरी प्रयत्न करण्यास जागा होती.

नवी, अधिक मोठी डिस्क विकत आणून मी सीडीवरून लिनक्स सुरू केले आणि डीडीरेस्क्यू ही एका डिस्कची दुसरीवर नक्कल उतरविणारी प्रणाली कामाला लावली. तिची कार्यपद्धती एखाद्या सावध अभिलेखपालासारखी आहे: प्रथम ती जे सहज वाचता येते ते सारे उतरवून घेते, अडलेला भाग ओलांडून पुढे जाते, आणि सुस्थितीतला भाग सुरक्षित झाल्यावरच मागे वळून अडलेल्या जागांवर थोडी थोडी मेहनत घेते. शिवाय कोठवर काम झाले याची नोंद ती एका निराळ्या फाइलीत ठेवते, म्हणून मध्येच थांबले तरी पुढचे काम तिथूनच सुरू करता येते. भारनियमनाच्या त्या दिवसांत या एका गुणाचे मोल काय होते, हे वऱ्हाडातील माणसाला निराळे सांगणे नलगे. वीज जाई, यूपीएस कण्हत कण्हत काही मिनिटे तग धरी, मी सारे रीतसर बंद करी, आणि वीज आली की पहिल्या झटक्याचा दाब स्थिरावेपर्यंत थांबून पुन्हा नोंदीच्या शेवटच्या ओळीपासून आरंभ करी. डिस्क तापू नये म्हणून ती कॅबिनेटबाहेर काढून लाकडी पाटावर ठेवली होती आणि तिच्यावर टेबलफॅन सोडला होता. कूलर मात्र बंद ठेवला, कारण त्याची ओलसर हवा माणसाला सुखावत असली तरी उघड्या सर्किटला ती मानवत नाही.

नक्कल पूर्ण झाली आणि मग दुसरे प्रकरण उघडले. तबकडीचा नेमका तो भाग खराब झाला होता जिथे फाइलींची नावे आणि ठावठिकाणे नोंदलेले असतात, म्हणजे कचेरीच्या भाषेत, कागद बांधून ठेवलेले रुमाल शाबूत पण यादी गहाळ. अशा वेळी प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभी जी विशिष्ट चिन्हे असतात त्यांच्यावरून ती ओळखून काढावी लागते; छायाचित्राची जेपेग फाइल एका ठरावीक खुणेने सुरू होते, पीडीएफ आपले नावच आरंभी सांगते. परिणामी हजारो फाइली सापडल्या, आणि त्यांची नावे नुसते क्रमांक होते. त्यातून मराठी मजकुराची निराळीच अडचण होती. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आमच्या छापखान्यांत जे फाँट चालत ते देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवीत. तो फाँट यंत्रात नसेल तर मुख्याध्यापकांचे मनोगत म्हणून पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेले स्वर यांची खिचडी दिसते. छापखान्यातला जुना संगणक आणि टंकप्रणालीचे डोंगल मागवून घेतले, तेव्हा कुठे ती पाने मराठी बोलू लागली. स्मरणिकेचा मजकूर जवळजवळ सगळा हाती आला. छायाचित्रांपैकी काही मात्र अर्धीच उघडली: एका वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या शिक्षकांचे फेटे आणि टोप्या स्वच्छ दिसत होत्या आणि खुर्च्यांवरच्या रांगेपासून खाली सपाट करडा पट्टा पसरला होता. ते मूळ फोटो लोकांच्या घरून पुन्हा मागवून स्कॅन करावे लागले.

‘हे आधी कळलं असतं तर?’ असे त्या तरुणाने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तबकडीवरचे सेक्टर, म्हणजे बारीक कप्पे, किती बदलले आणि किती प्रलंबित याचे आकडे तिच्यात असतात, आणि ते शून्यावरून हलले की सावध व्हावे. परंतु गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष दुधारी आहे: पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या एकोणचाळीस पट असतो, तथापि बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी या वहीतील चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. तात्पर्य, इशारा मिळाला तर तो मानावा, पण इशारा मिळेलच अशा भरवशावर राहू नये.

मग उपाय कोणता? या ठिकाणी संगणकाच्या पुस्तकांपेक्षा माझी जुनी कचेरीच मला अधिक शहाणी वाटते. महसुली दप्तरात प्रत्येक कागदाला वर्ग असतो: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. घरच्या संगणकात मात्र मुलीच्या लग्नाचे फोटो, शेताच्या खरेदीखताचे स्कॅन, उतरवून घेतलेले सिनेमे आणि कालच्या शुभेच्छांची चित्रे एकाच मोलाने पडून असतात, आणि सगळ्यांची नक्कल ठेवणे अवजड वाटते म्हणून कशाचीच ठेवली जात नाही. छापखान्याच्या मालकांना मी त्यांच्या फाइलींचे वर्ग पाडायला लावले. ‘अ’ वर्ग अगदीच थोडा भरला, एका बाहेरच्या डिस्कवर आणि शिवाय काही डीव्हीडींवर तो सहज मावला, आणि त्यांतली एक प्रत छापखान्यात न ठेवता घरी ठेवण्याचे ठरले, कारण आग, चोरी आणि विजेचा लोळ यांना एकाच छपराखालच्या दोन प्रती सारख्याच असतात.

एवढी तजवीज झाल्यावर मी त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कबूल करून घेतली. कचेरीतून जी नक्कल बाहेर जाई तिच्याखाली दोन सह्या असत, एक ती तयार करणाराची आणि दुसरी मुळाशी ताडून रुजुवात घेणाराची. दुसरी सही नसेल तर त्या कागदाला कोणी हातात धरीत नसे. घरोघरच्या बॅकअपला ही दुसरी सही नसते. प्रत घेतली जाते, डबीत पडते, आणि ज्या दिवशी गरज लागते त्याच दिवशी ती प्रथम उघडली जाते. तेव्हा दर दिवाळीत व दर पाडव्याला त्यांनी ती डिस्क जोडावी, प्रत्येक कप्प्यातील चार फाइली उघडून मराठी मजकूर मराठीच दिसतो की नाही ते पाहावे, आणि खोक्यावर तारीख घालून सही करावी, असे ठरले. “सही कायले जी, काकाजी? आपलंच त हाये,” असे ते हसून म्हणाले. आपलेच असते म्हणूनच कोणी तपासत नाही, असे मी उत्तर दिले. पुढच्या पाडव्याला फोन आला तो डिस्क जोडूनच आला होता, आणि एक कप्पा उघडत नसल्यामुळे त्याची प्रत त्यांनी त्याच दुपारी मूळ फाइलींवरून नवी करून घेतली.