बसली म्हणजे जमली?

तळवड्याच्या आयटी पार्कात मी टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, त्याचाच पगार घ्यायचा. त्यामुळे पहिला पीसी घरीच असेंबल करायचं ठरवलं तेव्हा कॉन्फिडन्स एकदम सॉलिड होता. प्रोसेसर कुठला, मदरबोर्ड कुठला, यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये महिनाभर चर्चासत्रं झडली. हार्डडिस्क आणि केबल मात्र ‘ते काय, शेवटी घेऊ’ या यादीत. लग्नात हॉलपासून मेन्यूपर्यंत सगळं ठरतं आणि अक्षता विसरतात ना, तसंच.

शेवटी एका शनिवारी पिंपरीहून मेट्रोनं मंडई गाठली आणि तपकीर गल्लीत शिरले. हिशोब साधा होता. विंडोज आणि रोजच्या कामासाठी 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी. ती थेट मदरबोर्डवर बसते, वायरची भानगडच नाही. फोटो, व्हिडिओ साठवायला 2 टीबीची हार्डडिस्क. ही घेताना एक गोष्ट विचारा, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, म्हणून मोठं लिखाण करताना ती रेंगाळते. आणि घरी आल्यावर 2 टीबीऐवजी 1.81 दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज 1024 नं.

मी एक महागडी, सोनेरी टोकांची साटा केबलही उचलली होती. काउंटरवरचे काका म्हणाले, “मॅडम, राहू द्या. सोन्याची केबल लावून हार्डडिस्क पळत नाही.” खरंच आहे. साटा-3 ची वाट सेकंदाला साधारण 550 एमबी न्यायला तयार असते. 7200 आरपीएमची डिस्क त्याच्या निम्म्यालाही सहसा पोचत नाही. साधी, क्लिपवाली, एक मीटरच्या आतली केबल पुरे. मी खूश. पैसे वाचले!

रविवारी जोडाजोडी. पीसी पहिल्या झटक्यात सुरू झाला, आईनं पेढेसुद्धा आणले. मग मी कपाटातून जुन्या कॉम्प्युटरची 500 जीबीची डिस्क काढली. तिच्यात आजी होती. म्हणजे आजीचा आवाज. आजी देहूची. पहाटे जात्यावर म्हटलेल्या ओव्या तिला अखेरपर्यंत पाठ होत्या. 2017 च्या दिवाळीत मी त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या डिस्कवर टाकल्या होत्या. पुढच्या वर्षी आजी गेली. कॉपी एकच. ‘करू कधीतरी’ म्हणत वर्षं गेली.

नव्या एसएमपीएसची पॉवर केबल जुन्या डिस्कपर्यंत पुरेना. ऑफिसमधल्या मित्रानं त्याच्या जुन्या एसएमपीएसची एक जादा केबल दिली होती. लावून बघितली. टक्! काय मस्त बसली. बटण दाबलं. फट्ट् असा आवाज, मग जळकट वास. डिस्क गप्प.

पप्पा चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं लाइनवर होते. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. मग केबल हातात घेऊन विचारलं, “दुसऱ्या टोकाला काय येतंय ते मीटरनं बघितलंस?”

“पप्पा, अहो, कनेक्टर बरोबर बसला होता.”

“बसला म्हणजे जमला असं कोणी सांगितलं? आमच्याकडे चुकीचा कनेक्टर बसूच नये अशी रचना असते, पोका-योके म्हणतात त्याला. तरीसुद्धा प्रत्येक हार्नेस टेस्टिंग बोर्डवर लावल्याशिवाय गाडीत जात नाही.”

टेस्टर मी, आणि टेस्टिंग शिकवतायत पप्पा!

नंतर कळलेली गोष्ट अशी. डिस्ककडचं 15 पिनांचं टोक सगळीकडे सारखं असतं. पण सुट्या केबलवाल्या, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसच्या बाजूचं टोक कुठल्याच एका नियमात बसत नाही. कंपनी बदलली, कधीकधी मॉडेल बदललं, की पिनांची अदलाबदल. माझ्या डिस्कला 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट गेले.

तीन रात्री झोप नव्हती. पप्पा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांच्या आईचा आवाज होता तो. मग पुण्यात एका रिपेअरवाल्यानं डिस्कचा बोर्ड तपासला. जादा व्होल्टेज आलं की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा टीव्हीएस डायोड त्यावर असतो. तोच शॉर्ट झाला होता. त्यानं तो काढला, डिस्क फिरली. “आता लगेच कॉपी करा आणि हिला रिटायर करा,” म्हणाला. नशीब! प्रत्येक डिस्कवर असं नशीब नसतं.

त्या रात्री स्पीकरवर आजीच्या ओव्या लागल्या. पप्पा सोफ्यावर डोळे मिटून बसले होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, “परत लाव.”

तर मंडळी, पहिला पीसी बांधताय? एसएमपीएसच्या खोक्यातली केबल त्याच एसएमपीएसला लावा, उसनी नको. केबल पुरत नसेल तर त्याच मॉडेलसाठी कंपनीनं दिलेलीच मागा. मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्त, ओतीव प्लॅस्टिकचे अडॅप्टर टाळा, ते आत शॉर्ट होऊन पेटू शकतात. आणि जे परत मिळणार नाही त्याच्या तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर.

आमची घराबाहेरची प्रत देहूत काकांच्या कपाटात आहे. आजी परत गावी गेली, असं पप्पा म्हणतात.