राजपुऱ्यात शिकलेला ‘साकु’

बुऱ्हाणपूरला गेलो ते शाही किल्ला पाहायला नव्हे. तिथल्या राजपुऱ्यात माझी मावसबहीण राहते. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, म्हणून सर्वांना बोलावणे होते. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने भुसावळ, आणि पुढे तासाभराचा प्रवास. राज्य बदलले तरी कानावर खानदेशी वळणाची मराठी पडत होती. आपल्या बोलण्यात कन्नड मिसळते, तशी त्यांच्या बोलण्यात हिंदी. परकेपणा असा वाटलाच नाही.

घरात मात्र वातावरण तंग होते. भाचा नाशिकला एका वाइनरीत नोकरीला आहे. त्याने गावातल्याच परवानाधारक दुकानातून वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. (मद्य घेऊन राज्याची हद्द ओलांडण्याचे नियम ठिकठिकाणी वेगळे, हे शहाणपण त्याला नोकरीने शिकवले.) ताईचे सासरे दारूपायी गेले. यंत्रमागाच्या खोलीत, सुताच्या खोक्यांमागे ते बाटली लपवत. सर्वांना ठाऊक होते, पण बोलायचे कोणी नाही. “या घरात पुन्हा बाटली नको,” एवढेच ताई म्हणाली. दाजी गप्प.

वाद नको म्हणून सगळे मिळून तापीकाठच्या किल्ल्यावर गेलो, तर तिथेही तोच विषय पुढे उभा! अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये याच बुऱ्हाणपुरात दारूने मेला. वय अवघे बत्तीस. बापाने पहारा बसवून दारू तोडली, तर त्याने ती बंदुकीच्या नळीतून चोरून मागवली. नळीतला गंज आणि बंदुकीची दारू त्या कडक दारूत उतरली आणि घात झाला. त्याच्या भावाने, जहांगीर बादशहाने, आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे.

“बघ आई, लपवाछपवीने माणूस जातो,” भाचा म्हणाला.

“आणि परवेझ?” ताईने विचारले. बुऱ्हाणपूरकरांना इतिहास शिकवायला जाऊ नये! जहांगिराचा मुलगा परवेझ इथेच सुभेदार होता. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो त्याला भेटायला आला आणि बाटल्यांची पेटी भेट देऊन बसला. शहजादा ती पिऊन असा झिंगला की पुढची भेटच राहिली. १६२६ मध्ये तोही इथेच गेला, दारूच्याच अतिरेकाने. “तो तर राजरोस प्यायचा,” ताई म्हणाली. भाच्याकडे उत्तर नव्हते.

परतताना ताईच बोलली, “आणलीच आहेस, तर ओट्यावर सगळ्यांसमोर ठेव. जेवणाबरोबर घ्या. आणि नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचे नाही.”

संध्याकाळी भाच्याने सगळे नीट समजावले. वाइनची द्राक्षे आपल्या खाण्याच्या द्राक्षांसारखी नसतात. लहान, जाड सालीची, बियांची. लाल वाइनचा रंग सालीतूनच येतो. माझ्या सासुरवाडीला, विजयपूरकडे, बेदाण्याची द्राक्षबाग आहे. तरी हे मला नवीनच होते! आपल्याकडे वाइन म्हटले की गोव्याची गोड पोर्ट आठवते. साधी टेबल वाइन तितकी गोड नसते, म्हणून पहिल्या घोटाला ती आंबट लागते. नवख्याने किंचित गोडसर शेनिन ब्लां घ्यावी. दुकानात उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नये. महाग म्हणजे चांगली असे नाही, आणि फिरकीचे झाकण म्हणजे हलकी असेही नाही.

“लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात ना?” मी विचारले. तो हसला. “मामा, ते घर युरोपातले! बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात नाही चालायचे.” लाल वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून सोळा-अठरा अंशांवर आणावी, पांढरी आठ-दहा अंशांवर. पेला तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे वास घेता येतो. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्या रात्रीच संपवायची सक्ती नाही.

जेवणात वांग्याचे भरीत होते आणि बुऱ्हाणपूरचे मांडे. आपल्या बेळगावचा मांडा साखरेचा, कुरकुरीत. इथला रुमालासारखा मऊ. भरिताच्या तिखटाबरोबर गोडसर पांढरी छान जुळली. लाल शिराझने मात्र तिखट अधिकच झोंबले. नंतर माव्याची जिलेबी आली, तेव्हा भाच्याने पेले उचलून नेले. एवढ्या गोडापुढे वाइन नुसती आंबट लागते.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच पेले होतात आणि वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. सरबत समजून प्यायची ती वस्तू नव्हे. थोडी वाइन प्रकृतीला चांगली, असे पूर्वी सर्रास छापून यायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही. गरोदर बाई, औषधे चालू असलेला माणूस आणि गाडी चालवणारा, यांच्यापुढे तर पेला ठेवूच नये.

दाजींनी एक पेला घेतला, सावकाश. भाचा सवयीने पुन्हा ओतायला वाकला, तेव्हा माझ्या बायकोने आपल्या पेल्यावर हात ठेवला आणि तोंडातून सहज निघाले, “साकु.”

“म्हणजे?” ताईने विचारले.

“पुरे. कन्नडमध्ये.”

ताईने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. तिच्यापुढे ताकाचा पेला होता. तिला कोणी आग्रह केला नव्हता. मग दाजींनी पेला पालथा घातला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “साकु.”

उरलेली बाटली भाच्याने फ्रिजमध्ये ठेवली. समोरच, दुधाच्या पातेल्याशेजारी. सकाळी चहाचे दूध काढताना ताईने ती पाहिली आणि काही न बोलता दार लावले.