पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचे बदक

आलोचनेला बसलेल्या श्रावकाला मोठे दोष चटकन आठवतात. लहानपणचे खेळ मात्र त्याच्या यादीत सहसा येत नाहीत. खेळ तो खेळ, त्यात दोष कसला, अशीच सर्वांची समजूत असते. आज पन्नाशीकडे झुकलेली, पेढीवर बसणारी आणि मुलांच्या हातातील मोबाइलविषयी नित्य तक्रार करणारी जी पिढी आहे, तिने १९९० च्या दशकातील उन्हाळी सुट्या दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या एका लहानशा यंत्रापुढे घालवल्या. त्या यंत्राला घरोघरी ‘व्हिडिओ गेम’ एवढेच नाव होते आणि त्यात बसवायच्या चौकोनी डबीला ‘कॅसेट’. त्या खेळांविषयी या पिढीचे एक ठाम मत आहे : जुने खेळ निष्पाप होते, बिघडले ते आजचे.

कापडाचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांना हे मत मान्य नाही. समवयस्कांच्या बैठकीत त्यांनी तसे बोलून दाखवले की मंडळी हसतात आणि विषय बदलतात. आपल्या बालपणीच्या आनंदाचा हिशेब कोणी तपासू लागले की कोणालाही ते रुचत नाही. परंतु हे गृहस्थ त्या काळचे निंदक नाहीत. ते खेळ त्यांना अतिशय प्रिय होते, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे.

त्यांचा सर्वांत आवडता खेळ निन्टेंडो कंपनीचा, १९८४ सालचा ‘डक हंट’. गवतातून बदक उडते, मुलाने हातातील खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावर नेम धरायचा. तीन गोळ्यांत ते पडले तर ठीक, नाही तर निसटले. घरी आजी जपमाळ घेऊन शेजारी बसलेली असे. एकदा तिने विचारले, “काय मारतोस रे?”

“बदक, आजी. पण खरं नाही, नुसतं चित्र आहे.”

“कोंबडाही पिठाचाच होता, बाळा,” एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा जपाला लागली.

यशोधर राजाची कथा जैन घरात निराळी सांगावी लागत नाही. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ रचले, त्याच्या आधीपासून आणि नंतरही अनेक आचार्यांनी ती सांगितली आहे. आईच्या, चंद्रमतीच्या आग्रहावरून यशोधराने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि त्या संकल्पाचे फळ म्हणून दोघांनाही अनेक जन्म तिर्यंच गतीत काढावे लागले. कालसौकरिक खाटिकाची कथाही त्याच आशयाची आहे. त्याने एक दिवस तरी रेडे मारू नयेत म्हणून श्रेणिक राजाने त्याला विहिरीत ठेवले. तेथेही त्याने रेड्यांच्या आकृती करून त्या मारल्या. हात बांधले गेले, भाव बांधला गेला नाही.

मुलाकडे याला उत्तर होते, आणि ते अगदीच पोरकट नव्हते. त्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. चाप ओढताच सगळा पडदा क्षणार्धासाठी काळा होई आणि पाठोपाठ बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारे साधन होते. त्याने तो पांढरा प्रकाश टिपला तर नेम लागला, नाही तर चुकला. म्हणजे ती बंदूक काही देत नव्हती, केवळ प्रकाश घेत होती. आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर बदक नसेच, असे तो एक पांढरा ठिपका. जुन्या, काचेच्या नळीच्या संचावरच हे गणित जुळते; आजच्या चपट्या पडद्यावर ती बंदूक चालत नाही. द्रव्यहिंसेच्या नावाने येथे काहीच जमा होत नाही. भावाचे म्हणावे, तर बदकाविषयी त्या मुलाच्या मनात द्वेष नव्हता, मारण्याची हौसही नव्हती. त्याला गुण हवे होते. बदकाच्या जागी फुगा असता तरी त्याने तितक्याच आनंदाने नेम धरला असता.

येथवर ते गृहस्थ आपल्या पिढीच्या बाजूने बोलतात. त्यानंतर ते कुत्र्याकडे वळतात.

‘डक हंट’ खेळलेल्या प्रत्येकाला तो कुत्रा आठवतो. नेम चुकला की तो गवतातून वर येई आणि तोंडावर पंजा ठेवून हसे. त्याच्यावर गोळी झाडली नाही असे मूल सापडणे कठीण. दुकानांत नाणे टाकून खेळायच्या आवृत्तीत एका टप्प्यात त्याला गोळी लागू शकत असे. घरच्या आवृत्तीत ती सोय नव्हती. तरीही मुले दात-ओठ खाऊन पुनःपुन्हा चाप ओढत राहत. हा मुलगाही ओढी. कान तापत, श्वास जोराने चाले आणि धाकट्या भावाने मध्येच काही विचारले तर त्याला फटका मिळे. बदक चित्र होते, तसा कुत्राही चित्रच होता. राग मात्र खरा होता. त्या रागाला गुणांचे निमित्त नव्हते, कारण कुत्र्याला मारून गुण मिळत नव्हते. तेथे होता तो शुद्ध संकल्प.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमत्त योगाचा उल्लेख येतो. ज्याला व्यापार-उदीम करायचा आहे त्याच्याकडून आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्राने जाणले आहे. श्रावकाने प्रथम सोडायची ती संकल्पी हिंसा. त्या दृष्टीने पाहिले तर आजीचा दाखला खरा होता, पण तो बदकाला लागू नव्हता. पिठाचा कोंबडा तो कुत्रा होता. घरातील कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही, कारण सर्वजण पडद्याकडे पाहत होते आणि जे घडत होते ते मुलाच्या चेहऱ्यावर.

त्यांचे दुसरे मत व्यापारी बैठकीत अधिकच अप्रिय ठरते. ते खेळ आले कोठून? निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र आणले. अमेरिकेत १९८५ पासून विकल्या गेलेल्या यंत्रात, परवान्याविना बनलेली कॅसेट चालू नये म्हणून कंपनीने कुलपासारखी एक चिप बसवली. मूळ जपानी यंत्रात ती नव्हती. नकला मुख्यतः त्या जपानी यंत्राच्या निघाल्या, आणि आपल्याकडील बहुतेक घरांत ज्या पोहोचल्या त्या याच. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. वडिलांनी ती यादी पाहिली आणि ते हसले. कापड मोजताना बोटभरही कमी जाऊ न देणारे ते गृहस्थ. परंतु हेही खोटे मापच आहे, असे त्यांच्या मनात आले नाही. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत तदाहृतादान आहे, हीनाधिकमानोन्मान आहे आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे. चोरून आणलेले घेणे, कमी-अधिक मापे वापरणे, नकली माल अस्सलाच्या नावाने खपवणे : तिन्ही त्या एका डबीत मावत होते. बदकावरून घरात चर्चा झाली. कॅसेटच्या पावतीवरून कधीच झाली नाही.

“इतकी वर्षं लोटली, त्या परदेशी कंपनीचं काय नुकसान झालं?” असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. गृहस्थ त्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे उदाहरण देतात. १९८५ सालचा हा सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. जागा वाचावी म्हणून आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांसाठी एकच आकृती वापरली आहे; बदलला तो फक्त रंग. उरलेल्या कापडाच्या तुकड्याचीही किंमत जाणणाऱ्याला या काटकसरीमागचे श्रम समजावून सांगावे लागत नाहीत. ते श्रम कोणीतरी केले होते आणि त्यांचे मोल त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. नुकसान कोणाचे आणि किती, हा प्रश्न पुढचा. अदत्त घेतले की नाही, हा पहिला.

तिसरे मत परिग्रहाविषयीचे. आता त्याच पिढीच्या हाती पैसा आला आहे, आणि जगभर जुन्या कॅसेटींचा संग्रह करण्याची हौस वाढली आहे. २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक न उघडलेली प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. वेष्टन फाडले की किंमत गेली. म्हणून तो खेळ कोणी खेळायचा नाही. धान्य कोठारात असते ते कधीतरी कोणाच्या ताटात जावे म्हणून. ज्या वस्तूचा उपभोगही घ्यायचा नाही आणि जी दुसऱ्यालाही द्यायची नाही, तिला बालपणीची आठवण म्हणावे की मूर्च्छा, हे ज्याचे त्याने ठरवावे. गृहस्थांनी आपल्यापुरते ठरवले आहे. जुने यंत्र त्यांनी घरात ठेवलेले नाही.

त्यांच्या घरी मुलगा आता मोबाइलवर खेळतो. ‘कोणता खेळ आहे?’ असे ते विचारत नाहीत. खेळ विकतचा असेल तर त्याचे पैसे रीतसर भरले आहेत ना, हे पाहतात, आणि हरल्यावर एवढेच विचारतात, “आत्ता मनात काय आलं?” बहुतेक वेळा मुलगा खांदे उडवतो. एकदा मात्र तो म्हणाला, “पप्पा, त्याला संपवून टाकावंसं वाटलं.”

“त्याला म्हणजे कोणाला?”

“माहीत नाही. समोरून खेळणारा. कुठलातरी मुलगा असेल.”

गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. त्यांच्या लहानपणी गवतातून हसणारा कुत्रा चित्र होता. आज पडद्यापलीकडे कोणीतरी खरोखरच बसलेले असते. त्याला नाव असते, आई असते, हरल्यावर त्याचेही कान तापतात. जुने खेळ सोवळे नव्हते आणि नवे सगळे ओवळे नाहीत. पण राग ज्याच्यावर जातो तो आता जीव आहे, हा फरक लहान नाही. त्यांनी मोबाइल काढून घेतला नाही. संध्याकाळी दोघे शेजारी शेजारी सामायिकाला बसले, दोन घटिका. उठल्यावर मुलाने विचारले, “ज्याचं नावही माहीत नाही, त्याची क्षमा कशी मागायची?” तेव्हा ते म्हणाले, “क्षमापनेत आपण ज्ञात-अज्ञात सगळ्या जीवांची क्षमा मागतो. तोही त्यातच आला.”