कापशीचं घर आणि वाघ्याचं नाक

घरात कुत्रा असताना ससा पाळता येतो का? मला कुणी असं विचारलं, की मी आधी 'नाही' म्हणते. मग जरा थांबून म्हणते, "येतो, पण त्याआधी थोडी सुतारकी शिकावी लागते!" असं का, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

ही गोष्ट २०१४ सालची. मी तेव्हा साताऱ्याला आठवीत होते. आमच्या घरी दोन कुत्रे होते. थोरला वाघ्या, गावठी आणि अंगानं दांडगा. धाकटी चिंगी, दिसायला एवढीशी, पण अक्कल वाघ्याच्या दुप्पट. त्या दिवाळीत बाबांच्या एका मित्राची बदली झाली आणि त्यांच्याकडची पांढरीशुभ्र ससुली आमच्या घरी आली. मी तिचं नाव ठेवलं कापशी.

आजी तिला बघून म्हणाली, "अगं, रानातला ससा घरात आणू नये गं!" मग बाबांनी समजावलं. आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण माळावरचा रानससा वेगळा. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात. पाळीव सशाची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडीबोडकी असतात, डोळेही मिटलेले. रानससा पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आपली कापशी म्हणजे युरोपात बिळं करून राहणाऱ्या सशांच्या वंशातली. आजीचं समाधान झालं.

कापशीबरोबर तिचा पिंजराही आला होता. फळांच्या खोक्याला कोंबड्यांची जाळी ठोकलेली, आणि दाराला वाकवलेली तार. आम्ही तो व्हरांड्यात उंच स्टुलावर ठेवला. म्हटलं, झालं काम!

चौथ्या रात्री धाडकन आवाज झाला. सगळे धावलो. स्टूल आडवं, पिंजरा जमिनीवर, जाळीचा एक कोपरा फाटलेला आणि त्यातून वाघ्याचं तोंड डोळ्यांपर्यंत आत! आईनं त्याचा पट्टा धरून त्याला मागं ओढलं. कापशी पलीकडच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसली होती. तिला साधा ओरखडाही नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला.

पण सकाळी कापशीनं मेथीला तोंड लावलं नाही. गवत तसंच. लेंड्याही नाहीत. बाबा नि मी तिला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "सशाचं पोट सारखं चालू राहावं लागतं. अर्धा दिवस जरी त्यानं खाल्लं नाही, तरी आतडी थंडावतात नि जिवावर बेततं. जखम नाही म्हणजे काही झालं नाही, असं समजू नकोस. ससा भीतीनंसुद्धा मरतो."

त्यांनी इंजेक्शन दिलं. पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री आई आणि मी सुई नसलेल्या सिरिंजनं तिला थोडं थोडं पातळ खाणं भरवत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे खोक्यात चार-पाच गोल लेंड्या दिसल्या. काय सांगू, लेंड्या बघून मी आनंदानं अख्खं घर जागं केलं!

बाबांनी मात्र त्याच दिवशी बजावलं, "या आठवड्यात एक तर पक्कं घर, नाही तर कापशी दुसऱ्याच्या घरी."

मी वाघ्याशी बोलतच नव्हते. त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला नव्हता. आजीनं ते बघितलं. म्हणाली, "त्याला नाक दिलंय, ते तो वापरणारच. स्टुलावर पिंजरा ठेवला कुणी?" मी गप्प झाले. कारण ठेवला होता मीच.

शेजारी सुतारकाका राहायचे. मला वाटलं, ते लांबी-रुंदी विचारतील. त्यांनी विचारलं, "वाघ्याचं वजन किती?" आता कुत्र्याचं वजन कसं करायचं? बाबा आधी एकटे काट्यावर उभे राहिले, मग वाघ्याला उचलून. वजाबाकी केली. २२ किलो! काका म्हणाले, "एवढं वजन धावत येऊन आदळलं, तरी हलता कामा नये. तसं घर करू."

घर ठरलं ६ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच. सशाला मागच्या पायांवर ताठ उभं राहता आलं पाहिजे आणि दोन-तीन उड्या सलग मारता आल्या पाहिजेत. माळ्यावर जुन्या पलंगाचं लाकूड होतं. त्यातली रंगवलेली लाकडं काकांनी बाजूला काढली. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, म्हणून तो दिसेल ते कुरतडतो. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, ते पोटात जायला नको.

चौकटीच्या कोपऱ्यांत दोन्ही लाकडांना निम्मी निम्मी खाच पाडून ती एकमेकांत बसवली आणि वर स्क्रू पिळले. खिळे हादऱ्यानं सैल होतात, स्क्रू धरून ठेवतात. मग काकांनी चौकटीचे दोन्ही तिरपे अंतर मोजायला सांगितले. दोन्ही सारखे भरले तर कोपरे काटकोनात! आयताचे कर्ण समान असतात, हे मी नुकतंच भूमितीत पाठ केलं होतं. ते कशासाठी असतं, ते त्या दिवशी कळलं.

जाळीची गंमत ऐका. कोंबड्यांची षटकोनी जाळी बारीक तारेला पीळ देऊन केलेली असते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. म्हणून आम्ही जाड तारेची, १ इंच चौकोनाची, जोडावर वितळवून पक्की केलेली जाळी आणली. मी उत्साहानं ती चौकटीला आतून ठोकायला घेतली. काकांनी मला सगळे खिळे उपटायला लावले! "ढकलणारा कुठं आहे? बाहेर. मग जाळी बाहेरून लाव. म्हणजे तो जेवढं ढकलेल, तेवढी ती लाकडावर घट्ट बसेल. आतून लावलीस तर सगळा जोर खिळ्यांवर येईल." किती साधी गोष्ट! जाळीच्या टोकदार कडांवर वरून लाकडी रिपा बसवल्या.

छपरालाही जाळी लावली. दार बाहेर उघडणारं केलं आणि त्याला वर-खाली दोन सरकत्या कड्या बसवल्या. साधा आकडा चिंगीनं नाकानं उचललाच असता. तळाला मात्र जाळी नाही, फळ्या. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, तारेवर बसून पाय सोलवटतात. फळ्यांवर वाळलेल्या गवताचा जाड थर टाकला. शेवटी अख्खं घर लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलं.

मग परीक्षा! आत पोळीचा तुकडा ठेवून वाघ्याला सोडलं. पाव तास त्यानं धडका दिल्या, पंजे मारले, चारी बाजूंनी हुंगलं. काहीही हललं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पण कापशीला आत ठेवलं नि आमचा चेहरा पडला. ती थरथरत एका जागी बसून राहिली, मधूनच मागचा पाय जमिनीवर आपटायची. ससा धोक्याची सूचना अशी देतो. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. म्हणजे जाळीबाहेरचा वाघ्या तिला सतत दिसत होता! घर मजबूत आहे हे आम्हांला माहीत होतं, तिला थोडंच माहीत होतं?

पुन्हा करवत काढली. दोन बाजू खालून दीड फुटापर्यंत फळ्यांनी बंद केल्या. आत लपायला एक पेटी ठेवली, दोन दारांची. एकच दार असलं तर सशाला कोंडल्यासारखं वाटतं. कापशी पेटीत गेली. तासाभरानं दुसऱ्या दारातून नाक बाहेर आलं, आणि मग मेथीची काडी आत ओढली गेली. मी त्या रात्री शांत झोपले. दुसऱ्या दिवशी वाघ्याच्या गळ्यात पडून त्याची माफीही मागितली.

ते घर माजघरातल्या थंड कोपऱ्यात होतं. सशाला उन्हाळा सोसत नाही, त्यामुळे मे महिन्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली कापशीजवळ असायची. रोज संध्याकाळी कुत्रे अंगणात बांधले, की ती खोलीभर हुंदडायची आणि मी जमिनीवर बसून अभ्यास करायची.

मला सगळे विचारतात, "मग वाघ्या आणि कापशीची मैत्री झाली का?" गोष्टीतल्यासारखी नाही झाली. आम्ही त्यांना मधल्या जाळीशिवाय एक मिनिटही एकत्र ठेवलं नाही. पण चार महिन्यांनी एक दिवस मी पाहिलं, वाघ्या उंबऱ्यावर आडवा झोपला होता आणि कापशी त्याच्याकडे बघत बघत कोथिंबीर खात होती. पाय आपटणं नाही, थरथर नाही. मला तेवढं पुरेसं होतं. वाघ्या २०१९ मध्ये गेला, कापशी २०२१ मध्ये. ते घर अजून माजघरात आहे. आई त्यात गोधड्या ठेवते.

दोस्तांनो, तुम्हांलाही ससा आणावासा वाटला, तर एवढंच करा. आधी घर बांधा, मग ससा आणा. आम्ही उलटं केलं आणि त्याची शिक्षा कापशीनं भोगली. करवत-हातोडी हातात घेताना मोठं माणूस शेजारी असू द्या. आणि घर झाल्यावर एकदा पोटावर आडवे पडा, डोळे सशाच्या उंचीवर आणा आणि बघा, तिथून कुत्रा कसा दिसतो ते!