चंदीचा हिशेब

दिलसुखनगरला आमच्या खोलीमागे एक काका राहतात. त्यांची राणी नावाची पांढरी घोडी लग्नसराईत नवरदेवांना मिरवते. मलकपेटचे रेसकोर्स येथून जवळच. पण तिथल्या घोड्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि मोतद्दार. राणीला एकटे काका! नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत त्यांनी तिला घेतले. मी मराठी बोलणारा, त्यातून वाणिज्य शाखेचा. त्यामुळे त्यांची जमाखर्चाची वही आपसूकच माझ्याकडे आली.

राणीच्या चंदीत हरभरा आणि कुळीथ. कुळथाला माझी आई कानडीत हुरळी म्हणते. इंग्रजांनी तर त्याचे नावच 'हॉर्स ग्रॅम' ठेवले!

गेल्या लग्नसराईत राणी खोकू लागली. थोडे चालली तरी धाप लागे. गल्लीतल्या जाणत्यांनी निदान केले, "हरभऱ्याची ॲलर्जी!" काकांनी हरभरा बंद केला. राणी वाळली, खोकला मात्र तसाच. शेवटी पशुवैद्यांना बोलावले. छाती तपासून त्यांनी विचारले, "महिन्याभरात खाण्यात काय बदलले?"

काका म्हणाले, "काही नाही." मी वही उघडली आणि माझेच अक्षर मला दिसले : 'स्वस्त कडबा. बचत ४०० रुपये.' तो सल्ला माझाच होता. अवकाळी पावसात भिजलेल्या त्या पेंढ्यांना आतून बुरशी आली होती.

डॉक्टर म्हणाले, "दाण्याची ॲलर्जी घोड्यांत क्वचितच. बुरशीची धूळ श्वासातून गेली की घोडा असा खोकतो. हा कडबा फेका. चांगली वैरण भिजवून द्या, घोडी मोकळ्या हवेत बांधा."

मग आम्ही एकेक शंका विचारून घेतली. ३०० किलोच्या घोडीला रोज ५-६ किलो कोरडी वैरण हवी, चंदी त्यानंतर. घोड्याचे जठर लहान आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून चंदी थोडी थोडी, दोन-तीनदा द्यावी. खाणे बदलायचे तर ७ ते १० दिवसांत हळूहळू. नाहीतर पोटशूळ उठून जिवावर बेतते.

राणी बरी झाली, पण पाच वराती बुडाल्या. काकांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "वही तूच लिही," एवढेच म्हणाले. तेच मला अधिक लागले.

भाकरी का करपली, घोडा का अडला? न फिरवल्याने, हे उत्तर शाळेत आम्हा सर्वांना पाठ होते. आमचा घोडा मात्र पेंढी न फिरवल्याने अडला. आता मी आधी पेंढी उलटून, हुंगून पाहतो. मग वहीत रक्कम मांडतो.